पुसलेले लाल पट्टे

आमच्या ह्यांना स्वच्छतेचा रोग आहे. लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, "नशीब काढलंस पोरी, पुरुष असून घर आवरतो." आत्याचं काय जात होतं? तिला थोडंच ह्यांच्याबरोबर राहायचं होतं. माझा चहा संपायच्या आत हे कप धुऊन पालथा घालतात. मी पेपर वाचत असले की समोर येऊन उभे राहतात, घडी कधी घालायला मिळते याची वाट बघत. इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेलं. त्या दिवशी रजा संपवून कामावर गेले, शस्त्रखोलीचं दार उघडलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही दोघं एकाच कंपनीत आहोत. बँकेतली रोकड कारखान्यांत न्यायची, दुकानांतली बँकेत आणायची, हा आमचा धंदा. जाड पत्र्याची गाडी, पुढे ड्रायव्हर, मागे कमरेला पिस्तुल लावलेला एक गार्ड. त्या गार्डांना पिस्तुल चालवायला मी शिकवते. हे शस्त्रखोली सांभाळतात. म्हणजे घरी ओला टॉवेल कुठे टाकायचा यावरून ते मला बोलतात, आणि इथे पिस्तुलाचं तोंड कुठल्या भिंतीकडे ठेवायचं यावरून मी त्यांना. फिटंफाट.

"बघ," हे म्हणाले. "कसं वाटतंय?"

टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर कंपनीच्या पिस्तुलांची झाडून सगळी मॅगझिनं ओळीत मांडली होती. सगळी सारखीच काळी, सारखीच तुळतुळीत. कुठलं जुनं, कुठलं नवं, कळायला मार्ग नव्हता. मी एक उचलून उलटं केलं. मग दुसरं. मग तिसरं.

"लाल कुठंय?" मी विचारलं.

"काय लाल?"

"अहो, पट्टे. माझे लाल पट्टे."

"ते होय. अगं, तू नव्हतीस ना, परवान्याची तपासणी होती. थिनर आणला आणि सगळं पुसून काढलं. तपासनीस म्हणाले, असं स्टोअर उभ्या जन्मात पाहिलं नाही."

ज्यांनी कधी पिस्तुल हातात धरलेलं नाही त्यांना सांगते. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची पत्र्याची डबी. आत स्प्रिंग, तिच्यावर गोळ्या एकावर एक. डबीच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना आम्ही ओठ म्हणतो. वरची गोळी ते धरून ठेवतात. एक गोळी उडाली की पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, पुन्हा पुढे येतो, आणि येताना डबीतली पुढची गोळी नळीत ढकलतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. स्प्रिंग दमली असेल तर गोळी वेळेवर वर येत नाही आणि चाप ओढल्यावर नुसतं टक होतं. ओठ फाकले असतील तर दोन गोळ्या एकदम वर येतात आणि पिस्तुल अडकून बसतं. लोक पिस्तुलाच्या मेकच्या गप्पा मारतात, नळीला तेल पाजतात, आणि मॅगझिन म्हणजे किरकोळ वस्तू समजतात. पिस्तुल कितीही भारी असो, डबी फुसकी निघाली तर हातात उरतो तो लोखंडाचा तुकडा. फार तर फेकून मारता येतो.

म्हणून माझा एक नियम होता. सरावात ज्या मॅगझिननं दगा दिला त्याच्या बुडाला लाल पट्टा. तेच पुन्हा अडकलं तर दुसरा पट्टा, आणि मग ते ड्युटीवर कधी जायचं नाही. सरावाच्या खोक्यात जायचं. तिथे त्याचा उपयोग असतो, कारण अडकलेलं पिस्तुल झटक्यात मोकळं कसं करायचं हे शिकवायला अडकणारं मॅगझिनच लागतं. कोरून खूण करायला मालकांची बंदी; कंपनीच्या मालावर ओरखडा नको. मग मी माझी नेलपॉलिशची बाटली आणली. ड्युटीवर नखं रंगवायची नाहीत हाही मालकांचाच नियम, त्यामुळे ती घरी नुसती वाळत पडली होती. गार्ड लोक आधी खूप हसले. "मॅडम, आता मॅगझिनांना कानातलंही घाला," म्हणाले. मग एकदा सरावात मिशीवाल्यांचं पिस्तुल लागोपाठ दोनदा अडकलं. मिशीवाले म्हणजे आमचे सगळ्यात जुने गार्ड, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्या दिवसापासून प्रत्येक मॅगझिन उलटं करून बूड बघायला लागले ते सगळ्यात आधी मिशीवालेच.

"आणि सरावाचं खोकं?" मी ह्यांना विचारलं.

"तेही यातच मिसळलं. कागदावर जेवढी आहेत तेवढी एका जागी दिसायला हवी होती ना."

हे माझ्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीसाठी.

"अहो, ती घाण नव्हती," मी म्हणाले.

"तसं नाही गं."

"मग कसं? विषाच्या बाटलीवरची चिठ्ठी खरवडून काढलीत तुम्ही. का, तर बाटली छान दिसते."

हे खाली बघून कापडाची सुरकुती सारखी करायला लागले. मला ते कापड ओढून खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं. मी दिलं नाही, कारण तेवढ्यात दारातून छोटी आत आली.

छोटी ह्यांची धाकटी बहीण. सासूबाई गेल्या तेव्हा ती शाळेत होती. तिच्या वेण्या ह्यांनी घातल्या, डबा ह्यांनी भरला, शाळेच्या बुटांना पॉलिश ह्यांनी केलं, आणि ते किती चकचकीत असायचे ते ती अजून सांगते. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं असं मेतकूट जमलं की ह्यांनाच घरात एकटं पडल्यासारखं होतं. माझ्याच हाताखाली शिकून ती गार्ड झाली, पण आजवर ऑफिसच्या दारावर उभी असायची.

"वहिनी, आलीस? मला आज गाडी मिळाली," ती म्हणाली. गालावरचं हसू लपत नव्हतं. "मिशीकाकांना ताप आलाय. पगाराची रोकड घेऊन जायचंय, कारखान्यापर्यंत."

कारखान्याचा रस्ता मला माहीत आहे. गाव संपलं की पुढे नुसती दोन्ही बाजूंना उजाड जमीन. मागे त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका कंपनीची गाडी अडवली होती. त्या गार्डच्या पिस्तुलात गोळ्या होत्या, पण सुटली फक्त पहिली. त्याच्या बायकोला भेटायला आम्ही गेलो होतो. ती एकच विचारत राहिली, "भरलेलं होतं ना? मग असं कसं?" मी तिला काही सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

छोटीनं ह्यांच्यासमोर हात पसरला. आमच्याकडे मॅगझिन द्यायची एक पद्धत आहे. देणारा एकेक करून तळहातावर ठेवतो. घेणारा ते उलटं-सुलटं बघतो, वरची गोळी अंगठ्यानं दाबून स्प्रिंगचा जोर बघतो, ओठांवरून नख फिरवतो आणि मोठ्यानं "पाहिलं" म्हणतो. मगच ते कमरेच्या पट्ट्यात. ड्रायव्हरपासून मालकांच्या भाच्यापर्यंत कुणाला यातून सूट नाही. फक्त छोटी दादासमोर हे कधी करायची नाही. दादानं दिलं की सरळ पट्ट्यात. मी किती वेळा ओरडले असेन. "दादानं दिलंय ना, वहिनी. आता काय बघायचं?"

ह्यांनी ओळीच्या टोकाची तीन मॅगझिनं उचलली, सगळ्यात चकचकीत होती ती. गोळ्या भरल्या आणि तिच्या तळहातावर ठेवली. एक पिस्तुलात, दोन जादा. तिनं जादाची दोन पट्ट्याच्या खिशांत सरकवली.

"काढ," मी म्हणाले.

"काय झालं?"

"काढ म्हणते ना. ती तिन्ही इथे ठेव."

माझा आवाज ऐकून तिनं दादाकडे पाहिलं. दादा कापडाकडे बघत होता.

मी खुर्ची ओढली आणि हाताला लागेल ते मॅगझिन उचलून बघायला बसले. हातानं जेवढं कळतं तेवढं तरी कळावं म्हणून. एकाचे ओठ नुसत्या डोळ्यांनीही फाकलेले दिसत होते. एकाच्या अंगाला पोचा होता. बोटानं दाबलं तर गोळ्या वर उचलणारा प्लास्टिकचा तुकडा मध्येच अडून बसायचा. एकाचं बूड चिरलेलं. काही तर मुळातच नकली होती, मालकांनी कुठून तरी स्वस्तात उचललेली, त्यांच्यावर पिस्तुल बनवणाऱ्यांचा छापसुद्धा नव्हता. ती पिस्तुलात जाताना घासायची आणि बाहेर पडताना चिकटायची. एरवी त्यांच्या बुडांवर दोन-दोन पट्टे असायचे. आता नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एक मात्र मी लगेच ओळखलं. बुडाचा कोपरा झिजून गोल झालेला, अंगावरचा रंग उडालेला. हिला आम्ही म्हातारी म्हणायचो. कंपनीत माझ्याही आधी आलेली, पण कधी अडकल्याचं कुणाला आठवत नाही. ह्यांनी तिला ओळीत सगळ्यात मागे ठेवलं होतं, कारण घासून घासून ती काही चकाकली नाही.

"ही एक धर," मी छोटीला म्हणाले. "पण हीही चालवून बघायची."

मॅगझिन वयावरून कळत नाही आणि रूपावरून तर मुळीच नाही. हातानं पाहिल्यावर उघड आजारी असतील ती बाजूला होतात. बाकीची चांगली आहेत असं म्हणायला ती पूर्ण भरून, शेवटच्या गोळीपर्यंत उडवून बघावी लागतात. त्यासाठी ड्युटीच्या मोजून दिलेल्या गोळ्या पुरणार नव्हत्या, आणि गोळ्यांच्या कपाटाची किल्ली मालकांकडे होती.

"चला," मी ह्यांना म्हणाले. "पुसलं तुम्ही. आता तोंडानं सांगाही तुम्हीच."

मालकांच्या केबिनमध्ये गारवा होता आणि खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हे माझ्या मागे, अर्धे दारात, अर्धे आत.

"मॅडम, तपासनीसांनी सगळी मॅगझिनं पास केलीत," मालक म्हणाले. "सही आहे त्यांची."

"तपासनीसांनी मोजली, साहेब. चालवून बघितली नाहीत."

"तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाण्या का?"

"शहाणी नसेन. पण गाडीवर जाणाऱ्या माणसाला मी ओळखते, ते ओळखत नाहीत."

मालकांनी पेन खाली ठेवलं. त्यांना चिडल्याचं दाखवायचं नसलं की ते पेन खाली ठेवतात. "हे बघा, ती लाल पट्ट्यांची शोभा मीच पुसायला लावली. तपासनीसांनी विचारलं असतं, हे काय, तर काय सांगणार होतो? निम्मा माल फुसका आहे म्हणून? परवाना राहिला असता आपला? तुमच्या मिस्टरांना सगळं नीट समजावलं होतं मी. त्यांना पटलंही. आता नवीन मागवूच की आपण, पुढे-मागे."

मी मागे वळून पाहिलं. ह्यांची नजर जमिनीवर होती. पायपुसणं जरा तिरकं झालं होतं. ते त्यांनी बुटाच्या टोकानं सरळ केलं.

तोपर्यंत मी समजत होते की हा सगळा स्वच्छतेचा रोग. रोग्यावर माणूस किती चिडणार? पण हे काही वेगळंच होतं. पट्टा कशासाठी असतो हे ह्यांना माहीत होतं. तरी मालकांनी मान हलवली की ह्यांनीही हलवायची. नंदीबैल परवडला, तो निदान कुणाच्या पोटाला गोळी लागेल असं काही करत नाही. मला त्या केबिनमध्येच ओरडायचं होतं. पण ओरडून गोळ्या मिळणार नव्हत्या.

"मला कपाटाची किल्ली हवीय," मी मालकांना म्हणाले.

"गाडीला उशीर होतोय."

"होऊ दे. मी कामावर असताना माझ्या सहीशिवाय गाडीवर हत्यार चढत नाही, हा तुमचाच नियम. मी सही करत नाही. नाहीतर यातली तीन तुमच्या कमरेला लावा आणि तुम्ही बसा गाडीत."

बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आई मला म्हणायची. नोकरी गेली असती तर गेली असती. मालक माझ्याकडे बघत राहिले, मग खण उघडून त्यांनी किल्ली टेबलावर टाकली. सरकवली नाही, टाकली.

सरावाची जागा इमारतीच्या मागे आहे. लांबट खोली, टोकाला मातीचा ढीग, त्याच्यापुढे पुठ्ठ्याची माणसं. छोटीनं कानांवर आवरणं चढवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी ह्यांना माझ्या शेजारी उभं केलं. "तुम्ही भरा. मी उडवते."

"आधी कुठलं भरू?"

"तुम्ही छोटीला दिली होती ना, ती तीन. तीच आधी."

पहिलं मॅगझिन. गोळ्या सुटत गेल्या, पुठ्ठ्याला भोकं पडत गेली, आणि शेवटी दोन उरल्या असताना चाप ओढला तर टक. मी पिस्तुल तसंच समोर रोखून धरलं. ह्यांना नीट दिसावं म्हणून. मग वरचा भाग मागे ओढला. गोळी डबीत खालीच बसून राहिली होती. स्प्रिंगला तिला उचलवत नव्हतं.

दुसरं मॅगझिन नीट चाललं. शेवटची गोळी गेल्यावर वरचा भाग मागेच थांबला. तसा तो थांबायलाच हवा. संपलं, दुसरं घाल, हे तो गार्डला सांगत असतो. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिसरं. दुसऱ्याच गोळीला पिस्तुल अडकलं. दोन गोळ्या तोंडाशी एकमेकींत घुसल्या होत्या. हे मोकळं करायला मॅगझिन ओढून काढावं लागतं, वरचा भाग दोन-तीनदा झटकावा लागतो, मग नवीन घालावं लागतं. मला रोजची सवय आहे, मी पटकन केलं. उजाड रस्त्यावर, समोरून कुणीतरी येत असताना, पहिल्यांदाच गाडीवर गेलेल्या मुलीला किती वेळ लागला असता ते मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांच्या हातातून एक गोळी खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

मग मी थांबले नाही. म्हातारी दोनदा पूर्ण चालली. न कुरकुरता, आपल्या जुन्या चालीनं. ह्यांच्या तीनपैकी जे नीट चाललं होतं ते पुन्हा भरून घेतलं, तेही चाललं. नंतरचं एक अडकलं. त्याच्या पुढचं चाललं, पण शेवटच्या गोळीनंतर वरचा भाग मागे थांबायच्या ऐवजी पुढे जाऊन बसला. पिस्तुल रिकामं आणि गार्डला वाटणार भरलेलं. तेही बाजूला. शेवटी एक सापडलं, दोन्ही वेळा धड चाललेलं. एवढ्या खटाटोपातून तीन. बाकीची तपासल्याशिवाय ड्युटीवर द्यायची नाहीत, असं मी ठरवलं.

मी कानांवरची आवरणं काढली. ह्यांनीही काढली. खोलीत बंदुकीच्या दारूचा वास भरून राहिला होता, आणि मला आता राग आवरून धरायचं काही कारण उरलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "पट्टा म्हणजे काय ते. मालकांनी सांगितलं म्हणून पुसलंत."

"मी एकट्यानं नाही म्हणून काय झालं असतं? दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं त्यांनी."

"मग त्यानं पुसले असते. तुम्ही कशाला? आणि पुसलेत ते पुसलेत, मला एक फोन करता आला नाही? मी काय परग्रहावर गेले होते? दोन वाक्यांत सांगता आलं असतं. सरावाचं खोकं तरी वेगळं ठेवायचं. निदान लक्षात तरी ठेवायची कुठली कुठली ते. काहीच नाही. तोंडात मूग गिळून बसलात आणि तपासनीसांची शाबासकी घेतलीत."

"अगं, चूक झाली."

"चूक नाही ही. मिशीवाले रोज याच मॅगझिनांवर गाडी घेऊन गेले. ते प्रत्येक वेळी बूड उलटं करून बघतात. लाल दिसलं नाही की त्यांना वाटतं, चांगलं आहे. त्यांच्या तळहातावर तुम्ही स्वतः ठेवत होता. हात कसा उचलला तुमचा?"

ह्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तेव्हा छोटीची ड्युटी लागेल असं कुठं माहीत होतं," ते म्हणाले.

ते पटकन बोलून गेले. मला वाटतं, बोलून झाल्यावर ते त्यांनाही ऐकू आलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, वापरत आले, पण ती माझ्याच घरात जेवायला बसते हे मला त्या दिवशी कळलं.

मी वळून पाहिलं. छोटीनं आवरणं केव्हाच काढून गळ्यात अडकवली होती.

मी कोपऱ्यातला हातोडा आणला आणि ह्यांच्या हातात दिला. "जी अडकली ती चेपा. तुम्हीच. पुन्हा कुणाला पुसून वापरता येऊ नयेत."

"कंपनीचा माल आहे गं. साहेब काय म्हणतील?"

"चेपा."

त्यांनी चेपली. दगडी पायरीवर ठेवून एकेकावर हातोडा घातला. पत्रा वाकायचा, स्प्रिंग वेडीवाकडी बाहेर यायची. आणि चेपून झालेली मॅगझिनंसुद्धा ते पायरीवर ओळीनं मांडत होते. ते बघून मला हसू यावं की रडू, तेच कळेना. शेवटी दोन्ही आलं नाही, राग मात्र आणखी वाढला. मी निवडलेल्या तिन्हींच्या बुडाला खिळ्यानं खोल रेघ ओढली. मालकांच्या मालावर ओरखडा, असू दे. यापुढे वाईटाला नाही, चांगल्यालाच खूण, आणि ती थिनरनं जाणार नाही.

आम्ही शस्त्रखोलीत परत आलो. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ह्यांनी तिन्ही मॅगझिनं भरली. मग पद्धतीप्रमाणे पहिलं उचलून त्यांनी छोटीसमोर धरलं. तिनं हात पसरला.

मॅगझिन तळहातावर आलं. छोटीनं ते पट्ट्यात घातलं नाही. उलटं केलं, रेघ बघितली. अंगठ्यानं एकेक गोळी ढकलत सगळ्या गोळ्या ह्यांच्या पांढऱ्या कापडावर रिकाम्या केल्या. रिकाम्या डबीत बोट घालून स्प्रिंग खालपर्यंत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. ओठांवरून नख फिरवलं. डबी खिडकीकडे धरून आत बघितलं. मग गोळ्या परत भरल्या, एकेक, सावकाश. हॉर्न वाजतच होता. तिनं घाई केली नाही.

"पाहिलं," ती मोठ्यानं म्हणाली.

दुसरंही तसंच. तिसरंही तसंच. प्रत्येक वेळी "पाहिलं". ज्या माणसानं तिच्या वेण्या घातल्या त्याच्यासमोर उभं राहून, एखाद्या परक्या स्टोअरकीपरसमोर म्हणावं तसं. ह्यांचा हात पुढे केलेला तसाच राहिला होता. त्यात आता काही नव्हतं.

"येते, वहिनी," छोटी म्हणाली आणि गेली.

मी सही केली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत खिडकीतून बघत राहिले. कापडावर तेलाचे डाग पडले होते. हे टेबलाशी उभे होते, त्या डागांकडे बघत, पण पुसायला त्यांनी फडकं उचललं नाही.

"चहा घेतेस?" ते बऱ्याच वेळानं म्हणाले.

"नको. तुम्ही आधी मिशीवाल्यांकडे जाऊन या."

"आत्ता? त्यांना ताप आहे."

"ताप आहे म्हणूनच घरी सापडतील."

"जाऊन काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच," मी म्हणाले. "तेव्हा छोटीची ड्युटी नव्हती, म्हणून."